'धावडा'तला पाचवा हिस्सा

रोहा, गुरुवार, १२ जून २०२५

रोशनी,

तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव बघून तू ते न उघडता फाडशीलही. तरी लिहिते. आज दुपारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगावं तर कळणार नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर मला वर बोलावलं. प्रणित सरांच्या केबिनमध्ये. ते आमच्या कंपनीचे मालक. मी खाली लॅबमध्ये रंग तपासते, नऊ महिन्यांत त्यांच्याशी दोनदा बोलले असेन. मला वाटलं, परवा निळ्या रंगाची एक बॅच गिऱ्हाइकाकडून परत आली, त्याबद्दल असेल. तेच उत्तर मनात जुळवत जिना चढले.

आत एक वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा सरकवला आणि जिथे जिथे पिवळी चिठ्ठी लावली होती तिथे बोट ठेवत म्हणाल्या, "मॅडम, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर."

मी वरचं पान वाचलं. 'धावडा कलर्स, पेण. धावड्याच्या डिंकावर आधारित, पाण्याला अपाय न करणारे मूर्तींचे रंग. संस्थापक: रोशनी जनू वाघमारे.'

"आम्ही ही कंपनी विकत घेतोय," प्रणित सर म्हणाले. "सगळ्या भागधारकांची संमती लागते. तुमचा पाचवा हिस्सा आहे."

मी म्हटलं, "सर, काहीतरी चूक आहे. मी तिथे नोकरीला होते."

वकीलबाईंनी एक जुना कागद काढून दाखवला. माझं नाव, माझी सही. मग आठवलं. पाच वर्षांपूर्वी आपण पेणच्या त्या सीएच्या ऑफिसात गेलो होतो. कंपनी काढायला दोन नावं लागतात, एवढंच तू बोलली होतीस, आणि तू बोट ठेवलंस तिथे मी सह्या केल्या होत्या. मला वाटलं होतं ते नावापुरतं असेल. मी सोडून गेले तेव्हा तू माझं नाव काढून टाकलं असशील असंच मी धरून चालले होते. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात काढलं असतं.

का नाही काढलंस?

म्हटलं, वाचून सांगते. सर हसले. "वाचा ना. सोमवारी द्या." गठ्ठ्याची एक प्रत घेऊन मी खाली आले आणि पुढच्या दोन तासांत एकाच नमुन्याची नोंद तीनदा चुकवली.

तुला हे विकायला कुणी भाग पाडलं? एवढं तरी कळव.

अनिता

रोहा, रविवार, १५ जून

रोशनी,

पहिलं पत्र तुला मिळालं की नाही माहीत नाही. आज सगळी फाइल वाचून झाली. तुला काही सांगायचंय आणि ते सांगायच्या आधी एक खोटं मागे घ्यायला हवं.

गेल्या सप्टेंबरात मी तुला मेसेज केला होता की भूमिकाच्या शाळेसाठी आम्ही रोह्याला राहायला जातोय, म्हणून काम सोडते. शाळेचा काही संबंध नव्हता. माझी लेक पेणच्या शाळेत मजेत होती, इथे येताना रडली. मी आधी नोकरी घेतली आणि मग तिची शाळा बदलली.

आणि त्याच्याही आधी, ऑगस्टमध्ये तू आईला घेऊन अलिबागला दवाखान्यात होतीस तेव्हा एक दिवस मी शेडचं सगळं काम चंद्रावतीमावशीवर सोपवून गेले होते. वर्गशिक्षिकांनी बोलावलंय असं तुला फोनवर सांगितलं होतं. मी सकाळच्या गाडीने रोह्याला मुलाखतीला आले होते. निडी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावंसं वाटलं होतं. उतरले नाही.

तेव्हा माझ्यापुढे तीन दारं होती. एक आपलंच, 'धावडा'. दुसरं इथल्याच एका जुन्या मोठ्या रंगाच्या कारखान्याचं. तिथे हजार माणसं, सगळे नियम कधीच ठरलेले. त्यांनी मला तपासणीचं एक मशीन दाखवलं आणि म्हणाले, यावरच काम. त्या मशीनवर आधी बसणारे गृहस्थ निवृत्त होत होते, एकवीस वर्षं त्याच खुर्चीवर. मी घाबरले. आणि तिसरं हे. दीडशे माणसं, सहा वर्षांची कंपनी, बाहेरच्या गुंतवणूकदारांनी नुकतं भांडवल घातलेलं. कामाची पद्धत बसत आलेली, पण सुधारायला अजून वाव. घरी निलेशला मी म्हटलं होतं, ना रांगणारी, ना म्हातारी, मला ही मधल्या वयाची बरी.

आपल्याकडे मला काय नको झालं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी सकाळी रंग उकळायचे, दुपारी लेबलं चिकटवायचे, संध्याकाळी हमरापूर-जोह्याच्या मूर्ती कारखानदारांचे फोन घ्यायचे आणि त्यांचे टेम्पो भरून द्यायचे. दुसऱ्या दिवशी तू म्हणायचीस, "अनिता, कालचं सगळं सोड, मला एक नवीन सुचलंय." तुझे डोळे चमकायचे. तुला त्याची चटक होती. मला धडकी भरायची. चार वर्षं मला वाटत राहिलं की माझ्यातच काही कमी आहे.

आता फाइलबद्दल. चौदाव्या पानावर 'कच्चे दुवे' असं शीर्षक आहे. त्याखाली लिहिलंय: 'कंपनी पूर्णपणे संस्थापकावर अवलंबून. घरी आजारपण आले की काम थांबते. दोन वर्षांहून अधिक टिकणार नाही.' आणि खाली बारीक अक्षरात: 'माहिती, पहिली कर्मचारी, मुलाखत, ऑगस्ट २०२४.'

रोशनी, ते वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द माझा. जागा का सोडताय असं प्रणित सरांनी विचारलं, समोर चहा आला होता, ते मान डोलावत ऐकत होते, आणि मी बोलून गेले. ते लिहून घेतायत हे मी पाहिलंही होतं. मला वाटलं, माझ्याबद्दल लिहितायत.

त्या वाक्याच्या जोरावर त्यांनी तुझी किंमत पाडली. पुढच्याच पानावर तसं स्पष्ट आहे.

आणि एकोणिसावं पान. 'पेण येथील जागा तीन महिन्यांत बंद. सामावून घेण्याजोगे कर्मचारी: नाहीत.' नाहीत! चंद्रावतीमावशी, मालू, आणि बाकीच्या चौघी. नुसत्या हाताने ढवळून रंगाला तार आली की नाही ते सांगणाऱ्या सहा बाया. मी ते पान निलेशला वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज असा निघाला की भूमिका आतून धावत आली.

तुझी कंपनी मी बुडवली का?

अनिता

रोहा, गुरुवार, १९ जून

रोशनी,

मी सही केलेली नाही.

सोमवारी केबिनमध्ये गेले आणि फाइल टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, मला हे मान्य नाही."

"काय मान्य नाही?"

"सगळंच. ती कंपनी तिने उभी केली. तुम्ही डिंकाची कृती घेणार आणि शेडला कुलूप लावणार."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची मागे सारून म्हणाले, "अनिता मॅडम, तुम्ही इथे का आलात? तिथे रोज काहीतरी अधांतरी असायचं म्हणून. मुलाखतीत तुम्हीच सांगितलंत. मग ही कंपनी घट्ट पाय रोवायला जे करतेय, ते करू द्या की."

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. ते म्हणाले, "गणपती सत्तावीस ऑगस्टला. या सीझनचा माल आमच्या नावाने गेला नाही, तर या व्यवहाराला आमच्या लेखी अर्थ उरत नाही. विचार करा. आणि इथे राहायचंय का, याचाही करा."

घरी आले. निलेश डेपोतून येऊन हातपाय धूत होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो नोकरीचं विचारेल. त्याने विचारलं, "रोशनीला विचारलंस का?"

"तिने नंबर बंद केलाय."

"मग एसटी बंद झालीय का? पेण काय विलायतेत आहे?"

तो बरोबर बोलत होता. तीन पत्रं लिहिते आहे, पण तासा-दीड तासावरच्या तुझ्या शेडच्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही. मावशी मला काय म्हणतील, मालू तोंड फिरवेल का, हेच डोळ्यांपुढे येतं. म्हणून जमत होतं तेवढं केलं. सही अडवून ठेवली. तुझी कंपनी निदान माझ्या हाताने तरी जाणार नाही.

लॅबमध्ये आता माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. कळलंय सगळ्यांना.

अनिता

रोहा, बुधवार, २५ जून

रोशनी,

परवा तू गेलीस आणि मी गेटसमोर कितीतरी वेळ उभी होते. तुझ्यासमोर सांगायचं ते सगळं सांगून झालं नाही. म्हणून पुन्हा कागद.

वॉचमनने आत निरोप दिला, "पेणवरून बाई आल्यात." मी बाहेर आले तर तू. केस कापलेस. हातात माझी तिन्ही पत्रं, उघडलेली. तू 'कशी आहेस' असंही म्हणाली नाहीस. समोरच्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवलंस आणि थेट विचारलंस, "सही का नाय केलीस?"

"तुझी कंपनी वाचावी म्हणून."

"मला ती वाचवायचीय, असं कुणी सांगितलं तुला?"

मला आधी कळलंच नाही तू काय म्हणालीस.

"मीच आले होते यांच्याकडे," तू म्हणालीस. "मार्चमध्ये. याच गेटमधून आत गेले. तू खाली लॅबमध्ये होतीस, काचेतून दिसलीस. मला कुणी भाग पाडलं नाय, अनिता. मी विकतेय."

रोशनी, 'धावडा' तू विकशील हे मला कधी, स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तुझ्या बाबांनी, जनूकाकांनी गागोद्याच्या रानातून पहिला डिंक गोळा करून आणला, तो तू आमच्या घरच्या चुलीवर उकळलास, माझ्या सासूबाईंचं पातेलं कायमचं लाल झालं. ती कंपनी? आणि तू शांतपणे चहा पीत होतीस.

"का?" एवढंच विचारलं मी.

"कारण आता तिथे तेच ते करायचंय. तोच लाल, तोच शेंदरी, डबे भरा, टेम्पो भरा. दर वर्षी जरा जास्त डबे. ते चांगलंच हाय, पण ते माझं काम नाय. पहिला डबा होईपर्यंत माझा जीव लागतो. पुढे ज्याला वाढवता येतं त्याने वाढवावी."

मग मी चौदाव्या पानाबद्दल बोलायला लागले. माफी मागायची होती. तू हात वर केलास.

"दोन वर्षं टिकणार नाय, हे तू बोललीस ते खरंच होतं. ते पान वाचलं तेव्हा मला त्या वाक्याचा राग आला नाय. चार वर्षं माझ्या शेजारी उभी होतीस. मला नाय सांगितलंस, आणि पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला सांगितलंस. राग त्याचा हाय. आणि आताही तेच. मला काय पायजे ते न विचारता ठरवून मोकळी. सही करायची नव्हती तर मला विचारायचं."

निलेशनेही तेच म्हटलं होतं, आणि तुझ्या नावाने लिहिलेल्या पत्रात मी ते स्वतःच लिहून पाठवलं होतं. मग मी ते विचारलं, जे पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. माझं नाव तू का काढलं नाहीस?

तू खरोखर चकित झालीस. "का काढायचं? कंपनी दोघींनी काढली. तू नोकरीला होतीस असं तुलाच वाटत होतं."

टपरीवाल्याने तेवढ्यात अजून चहा पाहिजे का विचारलं म्हणून बरं. नाहीतर मी भर रस्त्यात रडले असते.

मग तू दुसऱ्या पत्रावर बोट ठेवलंस, एकोणिसाव्या पानाच्या ओळीवर. "हे खरं हाय? कर्मचारी नाहीत असं लिहिलंय?" मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी वाचलंय. तुझा चेहरा पहिल्यांदा बदलला. तुला दिलेल्या प्रतीत ते पानच नव्हतं. प्रणित सरांनी तुला तोंडी सांगितलं होतं, बायकांचं बघू, त्यांची काळजी करू नका. तू विश्वास ठेवलास. तू चंद्रावतीमावशींना तसं सांगूनही टाकलं होतंस.

तू कप खाली ठेवलास आणि आमच्या गेटकडे बघितलंस. मग म्हणालीस, "सही केली नाहीसच, तर पुढच्या सोमवारपर्यंत करू नकोस. मी येते."

करत नाही. सोमवारी अकराला तू येशील तेव्हा मी खाली दारातच उभी असेन. माझी नोकरी राहील की नाही ठाऊक नाही, पण तू त्याचा विचार करू नकोस. हे या वेळी तुला विचारून करतेय.

अनिता

रोहा, सोमवार, ४ ऑगस्ट

रोशनी,

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी दारातच बसले. पोस्टमन घाबरला, "ताई, वाईट बातमी का?" वाचल्यावर तर मी थक्कच झाले. उत्तर शेवटी देते. आधी इथलं ऐक, कारण आज पहिला दिवस होता.

पेणच्या सहाही जणी वेळेवर आल्या. त्या तीस जूनच्या बैठकीत सरांनी शेवटी सही केली, तेव्हाही मला खात्री नव्हती. तू टेबलावर सहा नावांचा कागद ठेवलास, मी पेनाचं टोपण काढलं नाही, आणि ते तिसऱ्यांदा म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवा." तू म्हणालीस, "ठेवलाय. आता लिहून द्या." ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घरात चोरी केलीय. पण लिहिलं. पक्की नोकरी, जाण्यायेण्याची गाडी, सगळं. मगच मी माझी सही केली. आज गेटवर त्यांची कार्डं तयार होती, नावासकट. मालूने स्वतःचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ही मीच हाय ना?"

दुपारपर्यंत ठीक चाललं. मग चंद्रावतीमावशी माझ्या कानाशी आल्या. "गो अनिता, हितं ढवलताना कोन बोलत नाय का? मेल्यासारखी सगली गप."

म्हटलं, "मावशी, यंत्राचा आवाज असतो, म्हणून."

"मंग आमी मोठ्यानं बोलू."

आणि बोलल्या. चार वाजता सुपरवायझर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. कारण त्या आता माझ्याच हाताखाली आहेत. मूर्तींच्या रंगाचा नवा विभाग सरांनी मला दिला. मला वाटलं होतं मला काढतील. त्यांनी बोलावून सरळ सांगितलं, "तुमच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. पण हा रंग तुमच्याशिवाय इथे कुणाला बनवता येत नाही, आणि त्या सहा जणी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी व्यवहाराचं खरं बोललं.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. एका बाईला यंत्राची भीती बसलीय, उद्या येईल की नाही सांगता येत नाही. पेणच्या शेडचं कुलूप मी अजून पाहिलेलं नाही, पाहवणारही नाही. आणि विक्रीतलं माझ्या वाट्याचं परत घे असं मी तुला म्हटलं तेव्हा तू जे बोललीस ते मी ऐकलं: "परत दिलंस तर नंबर पुन्हा बंद करीन." ठेवलंय. भूमिकाच्या नावे.

आता तुझं पत्र. औषधाच्या गोळ्यांवर डिंकाचं आवरण. गागोद्यात एक खोली, एक शेगडी, दोन वजनकाटे. नव्या कंपनीला अजून नाव नाही, गिऱ्हाईक नाही, जमेल की नाही तेही नाही. 'पहिली तू ये. या वेळी अर्धा हिस्सा, आणि कागद वाचून सही कर.' एवढं सगळं झाल्यावर तू मला पुन्हा बोलावशील? मी ते वाक्य निलेशला वाचायला दिलं, मला वाटलं मी चुकीचं वाचतेय.

रोशनी, मी येणार नाही.

दोन दिवस विचार केला. तुझा राग येईल ही भीती होती, ती बाजूला ठेवून केला. कोऱ्या खोलीत उभं राहिलं की तुला सुचायला लागतं आणि माझा श्वास कोंडतो. मला दुसऱ्याने आधी मळलेली वाट लागते. तिच्यावरचे खड्डे मी बुजवते, दगड बाजूला करते, मागून येणाऱ्याला ठेच लागू नये एवढं बघते. यात मला आनंद आहे. आज सहा जणींच्या हजेरीचा तक्ता आखताना मी गुणगुणत होते, सुपरवायझरने टोकलं. 'धावडा'त चार वर्षं मी हेच काम शोधत होते आणि तिथे ते अजून जन्मालाच आलं नव्हतं. त्याबद्दल तुला आणि मला, दोघींनाही दोष नाही. ते तुला तेव्हाच सांगितलं असतं तर आपलं एक वर्ष वाया गेलं नसतं.

पहिला माणूस म्हणून दुसरी कुणी शोध. जिला रोज सकाळी कालचं सोडून द्यायला आवडतं अशी. गागोद्याच्या आसपास असेलच.

आणि कधीतरी तिथे तीस-चाळीस माणसं होतील. कुणीतरी तुझ्या दारात येऊन विचारेल, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, आणि तू वैतागून म्हणशील, हे कोण बघणार आता. त्या दिवशी मला फोन कर. पहिल्या गाडीने येते.

तुझी,
अनिता